रायेतला पाला

आमच्या गावच्या देवराईत, आमच्या बोलीत रायेत, एक झाड आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी कोयता घेऊन निघेल, परवा दादर स्टेशनबाहेर त्याच्या पाल्याच्या जुड्या विकायला बसतील, आणि त्यानंतर कधीतरी कोणाच्या तरी घरून मला रडका फोन येईल. मी उगाच घाबरवत नाही. त्या पाल्यापायी माझ्या काकांचा जीव जायची वेळ आली होती, आणि तेव्हापासून झाडांची नावं सांगण्याच्या बाबतीत मी जरा कंजूष झाले आहे.

मी परळला एका प्रयोगशाळेत काम करते. वनस्पतींमधल्या रसायनांचा रक्ताच्या कॅन्सरवर काही उपयोग होतो का, ते तपासणं हे आमचं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर पाला सावलीत वाळवा, मिक्सरमधून काढा, अल्कोहोलात भिजवा, गाळा, आटवा, आणि जो काळपट चिकटा उरेल तो पातळ करून थेंबाथेंबाने बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत सोडा. त्या खळग्यांत कॅन्सरच्या पेशी असतात. कुठल्याशा परदेशी रुग्णाच्या रक्तातून त्या कधीकाळी घेतलेल्या. तो बिचारा केव्हाच गेला, पेशी मात्र देशोदेशीच्या बाटल्यांमध्ये वाढतच राहिल्या. त्यांना उबेत ठेवायचं, वेळेवर खाऊ घालायचं आणि चांगल्या गुटगुटीत झाल्या की मारायचा प्रयत्न करायचा. बहुतेक पाल्यांचं त्यांना काही वाटतसुद्धा नाही.

काकांना जो आजार होता तो नेमका ह्याच जातीचा. रक्ताचाच कॅन्सर, पण सावकाश चालणारा. रोज एक गोळी न चुकता घेतली तर माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो, आणि गोळी सोडली तर तोच आजार एक दिवस पिसाळतो. काका दोन वर्षं गोळी घेत होते. तिने रक्त ताळ्यावर आलं होतं. पण सकाळी उठले की डोळ्यांखाली पाणी भरलेलं असायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, जेवण नकोसं व्हायचं. लालबागच्या चाळीत ज्या माणसाला सगळे तालमीतला म्हणून ओळखायचे, त्याला जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. हे त्यांना आजारापेक्षा जास्त लागायचं.

माझे वडील मी शाळेत असताना गेले. गिरणी बंद पडल्यावर काका रे रोडला लाकडाच्या वखारीत लागले होते, आणि त्या पगारात त्यांनी स्वतःचं घर, माझी आई आणि मी, सगळं ओढलं. काका-काकींना मूलबाळ नाही. मी होते. वखारीतून आले की कपड्यांना सागाचा वास यायचा आणि मला जवळ बसवून ते लाकडाचे तुकडे हुंगायला लावायचे, हा कुठला, तो कुठला. झाडांची ओळख मला आधी त्यांनी करून दिली, विद्यापीठाने नंतर. त्यामुळे झाडातलं आपल्याला जास्त कळतं असं त्यांना वाटायचं, आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मॅडमनी, कोकणातल्या फारशा न अभ्यासलेल्या झाडांवर काम करायचं ठरवलं तेव्हा मी आमच्या रायेतल्या ह्या झाडाचं नाव सुचवलं. गावात त्याचा पाला गुरांच्या जखमेत किडे पडले की वरून लावायचे. माणसाच्या पोटात तो कोणी घातल्याचं कधी ऐकलं नव्हतं. सरकारी परवानगी मॅडमनी आणली. देवाची परवानगी काकांनी आणली.

रायेतली वाळकी काडीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलायची नाही, हा आमच्या गावचा नियम. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर पाणी घालतो, उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, त्यांना आमच्याकडे कळे म्हणतात, आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडचा कळा आधी पडला तर होय. डावीकडचा पडला तर नाही. आमच्या घरातली लग्नं, जमिनीची वाटणी, माझं सायन्सला जाणं, सगळं ह्या कौलातून गेलेलं आहे. तेव्हाही मी कुरकुर केली होती, पण कळा उजवा पडला म्हणून गप्प बसले. पाल्याचा कौलही उजवा पडला, आणि गावच्या घरी राहणाऱ्या माझ्या चुलत भावाने पिशवी भरून पाला मुंबईच्या बसमध्ये ठेवला.

त्या पाल्याने आमच्या ताटलीतल्या पेशी मारल्या. अशा मारल्या की मी मायक्रोस्कोपवरून उठून पुन्हा बसले. आदल्या दिवशीच्या गोल, चकचकीत पेशींच्या जागी फुटकी टरफलं आणि काळा चुरा होता. मॅडमनी बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या की एवढ्यात नाचू नकोस, आपण अजून अर्धाच प्रश्न विचारलाय. कॅन्सरच्या पेशी मारायला फिनेलसुद्धा चालतं. खरा प्रश्न असा की हाच अर्क निरोगी रक्तपेशींना सोडतो का? तो प्रयोग पुढच्या आठवड्यात करायचा ठरला.

संध्याकाळी मी लालबागला गेले ती उडतच. काकांना मोबाईलवर फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. मॅडम म्हणाल्या तेही सगळं सांगितलं, फिनेलसकट. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "हे माझे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं तुमचे नाहीत, तुमच्या आजाराचे. त्यांनी फोटो पाठवायला सांगितला. मी नाही म्हटलं, प्रयोगशाळेबाहेर द्यायचा नसतो म्हणून.  ते नुसते शांत झाले. काका शांत झाले की काहीतरी ठरलेलं असतं, हे काकीला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं आणि मलाही कळायला हवं होतं.

चार-पाच दिवसांनी काकीचा फोन आला. गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी आहे म्हणाली.

मी कामावरून तशीच गेले. काका खिडकीशी बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला धक्का बसला, कारण ते छान दिसत होते. डोळ्यांखालची सूज उतरली होती. दोन वाट्या भात जेवलो म्हणाले. जिना धडाधड चढून आलो म्हणाले. "बघ माझे डोळे," त्यांनी मान उजेडाकडे केली. "गोळी सोडलंय आणि सूज उतारली."

सूज उतरणारच होती. ती गोळीनेच येत होती. पण ज्याला आरशात आपलं जुनं तोंड परत दिसलंय त्याला काय समजावणार? आत रक्तात काय चाललंय ते आरशात दिसत नाही. मी भांडले. आवाज चढवला. शेजारच्या दोन दारांत माणसं आली. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले आजच्या आज गोळी सुरू करा, मी बोलतो त्यांच्याशी. काकांनी फोन हातात घेतला नाही. भांडण संपेपर्यंत ते खाली बघत राहिले, मग अगदी समजुतीने मला सांगितलं की देवाने पाला द्यायला होय म्हटलं तो कोणासाठी? तुझ्या बाटलीसाठी? मला हा आजार आहे, माझ्याच घरातली पोर ह्याच आजारावर काम करते, माझ्याच गावच्या रायेत ते झाड आहे. हे सगळं उगाच जुळून आलं असं तुझी मॅडम म्हणेल, मी नाही म्हणणार. सदाफुलीपासून कॅन्सरचं इंजेक्शन बनतं असं तूच सांगितलं होतंस की.

सांगितलं होतं. बनतंच. पण पाल्याच्या ढिगातून चिमूटभर द्रव्य वेगळं काढावं लागतं, त्याचं माप ठरवायला माणसांच्या हयाती जातात, आणि ते मापही डॉक्टर दर वेळी रक्त बघून देतात. कुंडीतली सदाफुली चघळून आजवर कोणाचा कॅन्सर गेलेला नाही. हे मी सगळं बोलले. काका ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, सोमवारी गावाला कौल लावायला सांगितला आहे. देव होय म्हणाला तर पाला घ्यायचा, नाही म्हणाला तर गोळी आहेच. तोपर्यंत दोन्ही बंद, कारण विचारायच्या आधीच एक पाय गोळीवर ठेवला तर तो देवाचा अपमान.

म्हणजे सोमवारपर्यंत ते बिनऔषधाचे राहणार होते, आणि त्यानंतर काय ते एका ओल्या पाकळीवर होतं.

त्याच आठवड्यात निरोगी रक्ताचा प्रयोग लागला. अशा वेळी रक्त बहुधा आमच्यातलंच कोणीतरी देतं. रीतसर संमतीवर सही करायची, बाही वर करायची. त्या दिवशी मी पुढे झाले. कारण काही उदात्त नव्हतं. मला घाई होती आणि मी तिथेच उभी होते. आपल्या रक्तावर आपण काम करायचं नाही असा नियम आहे, म्हणून ताटल्या माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने लावल्या. नळीवर नाव लिहीत नाहीत, नुसतं "निरोगी" लिहितात. मी त्या चिठ्ठीकडे बघून हसले होते, एवढं आठवतं.

शनिवारी निकाल दिसला. आधी तिने बघितलं, मग तिने काही न बोलता मला जागा दिली. मी डोळा लावला. एका बाजूच्या खळग्यांत नुसतं पाणी-मीठ घातलेल्या पेशी मजेत होत्या. अर्क घातलेल्या खळग्यांत तीच टरफलं, तोच काळा चुरा. कॅन्सरच्या पेशी जेवढ्या अर्काला मेल्या, तेवढ्यालाच माझ्याही मेल्या. पाल्याने आजारी आणि निरोगी असा काही भेदच केला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, सध्या तरी हे विष आहे. पुढे अर्कातले घटक एकेक करून सुटे करू, त्यातला एखादा तरी फक्त आजारी पेशींना धरतो का ते बघू, वर्षं जातील. त्या बोलत होत्या आणि मी घड्याळ बघत होते. एवढ्या महिन्यांचं काम जमिनीवर आल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. काकांना सांगायला आता माझ्या हातात काहीतरी होतं.

परळहून लालबागला मी चालतच गेले. मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्या कुटत होते, शिंकत शिंकत चाळीत शिरले. आणि दारातच मला दिसलं की उशीर झालाय. खुंटीला ओळखीची कापडी पिशवी होती. पाला तोडायला देवाचा होय आधीच झालेला, म्हणून चुलत भावाने ह्या कौलाची वाट न बघता ताजा पाला पाठवून दिला होता. म्हणजे देव होय म्हणाला की वेळ जायला नको.

मी सांगितलं. अगदी हळू आवाजात, एकेक शब्द करून सांगितलं. निरोगी माणसाच्या रक्तपेशी घेतल्या, त्याही मेल्या. हा पाला पोटात गेला तर आजाराबरोबर चांगलं रक्तही मारेल, मग जंतूंशी लढायला अंगात काही उरणार नाही. काकांनी विचारलं, माणसाला दिला होता पाला? मी म्हटलं नाही, ताटलीत. ते म्हणाले, मग ताटलीतलं ताटलीत. मला असं वाटलं की पिशवी घ्यावी आणि गॅलरीतून खाली भिरकावून द्यावी. तशी मी उठलेही. काकी मध्ये येऊन उभी राहिली.

मग मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. म्हटलं ठीक आहे, देवाला विचारा, पण पुरता प्रश्न विचारा. गोळी सोडून हा पाला घेतला तर मी जगेन का, असं विचारा. काकांना ते पटेना. देवाला असं वकिलासारखं कोंडीत पकडून विचारत नाहीत म्हणाले. त्यांचा प्रश्न ठरलेला होता: तुझ्या रायेचा पाला घेऊ का? मी म्हटलं हा अर्धा प्रश्न झाला. ते म्हणाले, देवाला अर्ध्यातच कळतं.

काकी मला पोचवायला जिन्यापर्यंत आली. तिथे पदराने तोंड दाबून रडली. मग विचारलं की गोळी कुटून सोलकढीत घालू का, त्यांना कळणार नाही. मला मोह झाला. पण ती गोळी कडू जहर, त्यांना पहिल्या घोटाला कळलं असतं, आणि एकदा कळलं की ते काकीच्या हातचं पाणीही प्यायले नसते. नको म्हटलं. "देवाने नको म्हटलं तर बरंच गो," काकी म्हणाली. "व्हय म्हटलं तर मी काय करू?"  मी तिलाच विचारलं की कौलात घरातलं दुसरं कोणी प्रश्न घालू शकतं का. ती म्हणाली, घालतात की, बायकासुद्धा घालतात.

सोमवारी मी रजा टाकली. गेले तेव्हा काका आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसले होते. समोर स्टुलावर मोबाईल उभा करून ठेवला होता आणि बाजूला बशीने झाकलेली एक वाटी होती. काकीने पाला वाटून रस काढून दिला होता. रात्रभर रडून तिने तो वाटला असणार, पण नवऱ्याने सांगितलेलं काम तिने कधी टाळलं नव्हतं. मी बशी उचलून बघितली. हिरवागार, घट्ट, वर थोडा फेस. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही थेंबाचाही थेंब करून वापरतो, आणि इथे वाटीभर होता. मी बशी परत झाकली.

व्हिडिओ कॉल लागला. चुलत भावाने मोबाईल धरला होता. गाभाऱ्यातला अंधार, समईचा उजेड, गुरवाची उघडी पाठ आणि काळा ओला पाषाण. गुरवाने कळे लावले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. पुढे बसलेली दोन-चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि इथे लालबागला काका हात जोडून तेच म्हणत होते. प्रश्न त्यांचाच होता, अर्धा.

मी देव मानत नाही. तरी मी त्या डावीकडच्या पाकळीकडे टक लावून बघत होते आणि मनात तिला पड, पड म्हणत होते. ती थोडी सरकली. खरंच सरकली, काकीने माझा हात दाबला. आणि नेमकं तेव्हा चित्र गोठलं. गुरवाचा हात हवेत, समईची ज्योत वाकडी, दोन्ही कळे जागच्या जागी. आवाजही गेला. काका हलले नाहीत. मी स्क्रीनवर बोट आपटत राहिले. काकी पुटपुटत होती, ते गाऱ्हाणं होतं की शिव्या ते मला कळलं नाही.

चित्र परत आलं तेव्हा उजवीकडची जागा मोकळी होती.

"उजवो दिल्यान," चुलत भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

काकांनी डोळे मिटून नमस्कार केला. मग बशी बाजूला ठेवली आणि वाटी उचलली. कसलीही घाई नव्हती त्यांना. मी इतके दिवस जे जे बोलले होते, त्यातलं एक अक्षरही त्या माणसाच्या चेहऱ्यावर नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. गुरवाचा, भावाचा, पाषाणाचा, सगळ्यांचाच आला. मी मोबाईल उचलून तोंडासमोर धरला आणि ओरडून म्हटलं, थांबा, माझा एक प्रश्न आहे, पुन्हा कळे लावा.

गुरव चपापला. बोल म्हणाला.

काय विचारायचं ते मी ठरवून गेले नव्हते. जे तोंडात आलं ते बोलले. "देवाला विचारा, ह्या पाल्याने माझं रक्त मेलंय. आमच्याकडे त्या ताटलीत रक्त होतं ते माझं होतं. ह्याच हातातून काढून दिलं होतं. ते सगळं मेलं. तोच पाला काकांनी आता प्यायचा का, विचारा."

तिकडे कोणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. गुरव कळ्यांसाठी फुलाची पाकळी खुडत होता ती तशीच हातात राहिली. मी मोबाईल खाली घेतला तर काका माझ्याकडे बघत होते. वाटी ओठांपासून वीतभर अंतरावर होती.

"तुझा?" ते म्हणाले. "तुझा रक्त?"

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं कोणी घेतलं. म्हटलं कोणी नाही, मीच दिलं, प्रयोगाला लागतं. किती घेतलं, असं विचारलं. थोडंसं, एक नळी. चक्कर आली होती का? नाही. मग हे परवा का नाही सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं की, निरोगी माणसाचं रक्त म्हणून.  निरोगी माणूस म्हणजे त्यांच्या लेखी कोणीच नव्हतं. ते परक्याचं रक्त होतं, काचेमागचं.

गुरवाने पलीकडून विचारलं, लावू का कळे? पाणी घालून पाषाण पुन्हा ओला केला होता. दोन्ही पाकळ्या त्याच्या बोटांत होत्या.

"लावू नको," काका म्हणाले.

भावाला वाटलं ऐकू नीट आलं नाही. त्याने परत विचारलं. काकांनी वाटी खाली ठेवली, अलगद, सांडू न देता. मग धोतराला हात पुसून ते मोबाईलसमोर जोडले. सगळं आयुष्य ज्याच्या होय-नाहीवर काढलं त्याला पाठ दाखवायची म्हणजे काय, हे त्या जोडलेल्या हातांवरून मला कळलं. देवाने दुसऱ्यांदाही उजवा दिला असता तर? ते त्यांना ऐकायचंच नव्हतं.

"देवाक सांग," ते मोबाईलकडे बघून म्हणाले, "ज्या पाल्यान पोरीचा रक्त मारल्यान, तो पालो माका नको. राग धरूचो तर माझ्यावर धर म्हणान सांग."

 भावाने कॉल तोडला की नेटवर्क गेलं, कोण जाणे. काकीने वाटी उचलली आणि मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी ओतलं, मग आणखी एक बादली. कपाटातून गोळ्यांची पट्टी काढून आणली. काकांनी गोळी तोंडात टाकली, नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, पाणी प्यायले. हे होईपर्यंत मी उभीच होते. मग मात्र मी त्यांच्या पाटाशेजारी जमिनीवर बसून रडले. 

थोड्या वेळाने त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. ड्रेसची बाही कोपराच्या वर सारली आणि चष्मा लावून आतल्या बाजूला शोधायला लागले. खिडकीकडे वळवून बघितलं. अंगठ्याने कातडी ताणून बघितली.

"हय घेतल्यानी?" त्यांनी विचारलं.

सुईची खूण केव्हाच गेली होती. कुठला हात दिला होता हेही मला त्या क्षणी आठवेना. मी हो म्हटलं, आणि बोटाने एक जागा दाखवली. काकांनी तिथे अंगठा ठेवला आणि बराच वेळ दाबून धरला.